जर्नेलला चालवणारे रखमाजीबाबा

रखमाजीबाबा कुणालाही वय विचारत नसत. ते तोंड उघडायला लावत. तुमची आई तेव्हा नऊ वर्षांची होती. पहिल्याच भेटीत तिच्यासमोर उकिडवे बसून ते म्हणाले, "आ कर बरं, पोरी." तिनं मुकाट्यानं आ केला. आत एक नजर टाकून बाबांनी निकाल दिला, "म्होरचं आल्यात, दाढा यायच्यात. लई पळवू नका हिला, बाईसाहेब."

तुमच्या घरी बुलडॉगचं पिल्लू आलं आहे आणि त्याला किती चालवायचं, किती पळवायचं, असं तुम्ही मला फोनवर विचारलंत. त्याचं उत्तर म्हणजे हे बाबाच.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही संगमनेरजवळ एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. तुमचे आजोबा तिथं केमिस्ट होते. ऊस बैलगाड्यांतून यायचा, आणि गाडीतळावर बाबा नव्या गोऱ्ह्यांना जुवाची सवय लावायचे. वय सत्तरीच्या पुढं, अंगकाठी सडसडीत, डोक्याला पांढरा पटका. हातात चाबूक मी कधी पाहिला नाही. बैलाचे दात पाहून ते कामाचा हिशेब ठरवत. दुधाचे दात असतील तर नुसतं जुन्या बैलाच्या बाजूनं चालायचं. दोन दात आले की मोकळं जू, चार आले की रिकामी गाडी. सगळे दात आले की बैल 'जुळला', मग भरली गाडी. पंचक्रोशीत त्यांचा शब्द अखेरचा.

त्या दिवाळीत नगरच्या कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांची बदली झाली आणि त्यांच्या पत्नीनं तीन महिन्यांचा बुलडॉग माझ्या हवाली केला. नाव जनरल. बाबांनी त्याचा जर्नेल केला आणि तेच टिकलं. मी कॉलेजात शिकलेली, शिस्तीची बाई. स्वयंपाकघराच्या दारावर लगेच वेळापत्रक चिकटवलं: सकाळी सहाला सायकलीमागं धावणं.

बाबांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि पोट धरून हसले.

"सायकलीमागं? अवो, ह्येची हाडं अजून वली हायेत. वल्या लाकडाचं जू करता का कुनी?"

मग त्यांनी जर्नेलचं तोंड उघडून पाहिलं आणि त्याला सर्जा नावाच्या म्हाताऱ्या बैलाशेजारी चालवायला सुरुवात केली. गाडीतळापासून वाटेवरच्या चिंचेपर्यंत आणि परत, ऊन चढायच्या आत. खाल्ल्यावर तासभर तरी हलवायचं नाही. "पोट भरल्यालं असताना आमी बैल जुपत न्हाई, मग ह्यो काय पाव्हना हाय?" आमच्या ओट्याच्या तीन उंच पायऱ्यांवरून जर्नेल धपकन उड्या मारायचा. बाबांनी गाडीभर मुरूम आणून तिथं उतार करून दिला. "उडी मारताना मजा त्याची, मार खांद्याला."

मी जुनं वेळापत्रक फाडून नवं लिहिलं. जर्नेलची छाती भरत गेली, चाल डौलदार झाली. गाडीवान थट्टा करायचे, "बाबा, पुढच्या हंगामाला ह्याला गाडीला जुपायचा का?" बाबा म्हणायचे, "तुज्यापरीस बरा वढंल."

फाल्गुनात एके सकाळी बाबांनी जर्नेलचं तोंड उघडलं आणि ओरडलेच, "जुळला! आरं, बघा रं, जर्नेल जुळला!"

गाडीवान गोळा झाले. खरंच, सगळे दात आले होते. बैलाला जुळायला चार-पाच वर्षं लागतात. हा सात महिन्यांत जुळला होता. बाबांना कोण आनंद!

"आता ह्येला मोकळा सोडा, बाईसाहेब. कालव्यापतूर नेऊ. मागं जरा वंडकाबी बांधू."

कालवा म्हणजे जाऊन-येऊन दोन मैल. माझ्या मनात आलं, दात आले म्हणजे पायही तयार झाले का? पण बाबांपुढं मी काय बोलणार! मी पेन घेतलं आणि माझ्या सुबक अक्षरात वेळापत्रकात लिहिलं: कालवा, ओंडक्यासह.

आठव्या दिवशी निघायला उशीर झाला. ऊन तापलं होतं. मी आणि तुमची आई बरोबर होतो. परतताना जर्नेल कालव्याच्या भरावावर फतकल मारून बसला. घशातून करवतीसारखा आवाज येऊ लागला, जीभ जांभळी पडली. तुमच्या आईनं माझा पदर घट्ट धरला. "आई, तो मरतोय का?"

बाबांनी ओंडक्याची दोरी कापली. पटका सोडून कालव्यात भिजवला, जर्नेलच्या पोटाखाली घातला, कानांवर, पंजांवर पाणी शिंपत राहिले. मग तो मणाचं ओझं असावं तसा गडी दोन्ही हातांवर उचलून ते निघाले. उघड्या डोक्यानं बाबांना मी पहिल्यांदाच पाहत होते. वाटेत ते एकच पुटपुटत होते, "दम धर माज्या राजा, दम धर."

जनावरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी दुपारपर्यंत झुंज दिली. जर्नेलचा श्वास शांत झाला तेव्हा ते म्हणाले, "बाबा, कुत्र्याचे दात लवकर येतात. हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. आणि याचं नाक आखूड. याला घाम येत नाही, धापेनंच अंग निवतं. दात पाहू नका, धाप पाहा."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. वेळापत्रक मी लिहिलं."

"कागुद तुमचा, बाईसाहेब. सबूद माजा हुता."

दुसऱ्या दिवशी, जिथं 'जुळला' म्हणून ओरडले होते तिथंच, त्याच गाडीवानांसमोर ते उभे राहिले. "आयका रं. माजं चुकलं. बैलाची गोष्ट मी कुत्र्याला लावली. पोरीचं जनावर मारलं असतं मी." कुणी हसलं नाही.

पुन्हा चिंचेपर्यंतची फेरी सुरू झाली. आता बाबांचा हात जर्नेलच्या बरगड्यांवर असायचा. धाप जरा चढली की ते मोठ्यानं म्हणायचे, "आता मी दमलो गड्या," आणि रस्त्यातच बसकण मारायचे. जर्नेलही बसायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, बाबा थकले आता. मी एकदा न राहवून म्हटलं, "लोकांना खरं का सांगत नाही?"

"त्येला वाटाया नगं, आपल्यापायी थांबल्यात म्हून. न्हाईतर हट्टानं चालंल. मला कुनी म्हातारा म्हनलं तर काय झिजतंय?"

जर्नेल दीड वर्षाचा झाला, दोनाचा झाला, दणकट झाला. कालव्यापर्यंत थंडीच्या दिवसांत आरामात जायचा. पण ओंडका पुन्हा कधी बांधला नाही.

तीन वर्षांनी आमची बदली झाली. निघायच्या सकाळी बाबा नेहमीसारखे आले. आम्ही तिघं चिंचेकडं निघालो, बाबा, जर्नेल आणि मी. अर्ध्या वाटेत जर्नेल अचानक खाली बसला. मी दचकून वाकले, त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. श्वास संथ होता, तोंड मिटलेलं. तो बाबांकडं पाहत होता. मीही मान वर करून पाहिलं. बाबांची छाती भात्यासारखी चालली होती.

पटक्याच्या टोकानं कपाळ पुसत ते जर्नेलशेजारी हळूच टेकले.

"दमलाय बिचारा," ते म्हणाले. "बसू जरा, बाईसाहेब."

मीही बसले.