जिन्यात थांबणारे काका

चिकलठाण्यातला आमचा कारखाना विजेवर चालतो असं मालकांना वाटतं. तो चालायचा निरोपवाल्या काकांच्या गुडघ्यांवर. काका दौलताबादेकडचे, हुद्दा शिपायाचा, डोक्याला पांढरी टोपी. वर ऑफिसात डिझाइनचे साहेब, खाली वर्कशॉपात फोरमन उस्ताद, आणि ह्या दोघांचं एकमेकांशी कित्येक वर्षं बोलणं नाही. कारण विचाराल तर दोघांनाही धड आठवत नसे. मधे वीस पायऱ्यांचा जिना, आणि जिन्यावर दिवसभर काका. निरोप लिहून दिलेला त्यांना चालत नसे. "कागद कशाला? आमी हाव नं," म्हणत चिठ्ठी खिशात कोंबायचे आणि तोंडीच सांगायचे. जिन्याच्या वळणावर मात्र न चुकता थांबायचे. टोपी काढायची, टक्कल पुसायचं, टोपी घालायची. आम्ही समजायचो, बिचाऱ्यांचे गुडघे गेले.

मी उस्तादांच्या हाताखाली लागलो त्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक महागडं काम बिघडलं. आपण ह्या कामाचेच नाही असं मनानं घेतलं, राजीनामा लिहिला आणि काकांच्या हाती साहेबांकडे वर पाठवला. काकांना परत यायला बराच वेळ लागला. आले आणि म्हणाले, "साहेबांनी वाचलं. म्हनले, चुका करू द्या, पन ह्याला जाऊ द्यायचा नाय. लई वर जाईल." माझे डोळे भरून आले. त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत इथं आहे.

पुढं एकदा ड्रॉइंग आणायला वर गेलो असताना साहेब काकांवर कडाडले, "त्या माणसाला विचारा, मापं डोळे मिटून घेता का?" मी काकांच्या मागोमाग उतरलो. वळणावर टक्कल पुसलं गेलं, आणि उस्तादांसमोर निरोप पोचला तो असा: "साहेब म्हनले, तेवढं माप उस्तादच्या हातानंच परत घ्या. दुसऱ्या कुनाच्या नजरंवर भरवसा नाय." उस्ताद मनातून फुलले, तोंडानं मात्र फुरफुरले, "बोलो उनको, ऐसा पुर्जा बनानेवाला अभी पैदा नहीं हुआ." मी पुन्हा काकांमागं वर. ह्या वेळी टक्कल दोनदा पुसावं लागलं. "उस्ताद म्हनत्यात, डिझाइन लई भारी हाय, फकत आपल्या मशिनीला तेवढी अक्कल नाय." साहेबांनी खूश होऊन मशिनीला झेपेल असं डिझाइन संध्याकाळपर्यंत काढून दिलं.

काका मोतीबिंदूसाठी रजेवर गेले तेव्हा साहेबांनी मोबाईलवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'एक कुटुंब'. निरोप जसाच्या तसा पोचायला लागला. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी मशीन बंद केलं, भर दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि ग्रुपवर कळवलं, "अब तुम ही चलाओ." शेवटी काका डोळ्यांवर काळा चष्मा लावून आले, धरत धरत तीन वेळा वरखाली झाले, आणि चहाच्या सुमाराला मशीन सुरू झालं.

एवढं सगळं डोळ्यांदेखत घडूनही माझ्या स्वतःच्या निरोपाबद्दल मला कधी शंका आली नाही. आपलं कौतुक कोण तपासत बसतो?

मागच्या महिन्यात काका रिटायर झाले. समारंभात मी साहेबांना म्हणालो, "तेव्हा माझा राजीनामा वाचून तुम्ही तसं म्हणालात, म्हणून मी राहिलो."

"कधी? कसला राजीनामा?" साहेब गोंधळले. मग ओशाळून हळूच म्हणाले, "पण तुम्ही म्हणे खाली सगळ्यांना सांगता, शिकावं तर ह्याच साहेबांकडून. मला वाईट दिवसांत त्याचा फार आधार वाटायचा हो."

मी असलं काही जन्मात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"सांगतो की," मी म्हणालो.

काका कोपऱ्यात हार काढून पेढा खात होते. मी विचारलं, "काका, माझं पत्र?"

"जिन्यात राहिलं असंल," ते म्हणाले आणि दुसरा पेढा उचलला.

आता ते गावाकडं असतात, आणि निरोप न्यायचं काम आपसूक माझ्याकडं आलंय. काल साहेब उस्तादांबद्दल नको ते बोलले. मी जिना उतरलो आणि वळणावर थांबलो. काकांची फार आठवण आली. मला टोपी नाही, म्हणून चष्मा काढून पुसला. काही सुचेना. पुन्हा एकदा पुसला, आणि मग खाली गेलो.