बारा सेकंदांचा टर्बो

टर्बो म्हणजे काय हे मला मानेच्या डॉक्टरमुळे कळलं. आता तुम्ही म्हणाल, म्हातारी चळली. नाही चळली, सांगते.

डिंगोऱ्याला आमचं टोमॅटोचं रान खाली नदीकाठाला आणि रस्ता वर. मधे एक चढण. उभी, मुरमाड, आणि बरोब्बर मध्यावर असं वळण, की वाट पाडणाऱ्याला तिथं शिंक आली असावी. ट्रॅक्टरची ट्रॉली त्या वळणाला अडायची. मग माल वर न्यायला राहिलं कोण? बाया. तोडा चालू झाला की एक दिवसाआड पन्नास-साठ कॅरेट निघायची, वीस-बावीस किलोचं एकेक. डोक्यावर घ्यायचं आणि चढायचं. आठ-दहा बाया, आणि सगळ्यांच्या पुढं मी, कारण मालकीण मागं राहिली की चाल मंदावते.

असं करता करता एका वर्षी माझ्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. भाकरी थापता थापता हात झोपून जायचा. नारायणगावच्या डॉक्टरनं मानेचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि विचारलं, "बाई, डोक्यावर काय वाहता?"

म्हटलं, "सगळंच."

तो हसला नाही. म्हणाला, "यापुढं डोक्यावर तांब्यासुद्धा घ्यायचा नाही. नाहीतर हा हात जाईल." आणि माझ्या गळ्यात पट्टा बांधला. घरी आले तर गोठ्यातल्या बैलानं माझ्याकडं फार आपुलकीनं बघितलं.

आमचे हे म्हणाले, "तू नको घेऊ डोक्यावर. बाया हायेत की."

मला ते पटेना. माझी मान गेली म्हणून आता दुसरीची लावायची? बरं, स्वतःला मी ओळखून होते. बाया कॅरेट घेऊन चढतायत आणि मी बांधावर पट्टा बांधून बसलेय, हे माझ्याच्यानं एक दिवससुद्धा झालं नसतं. तोडा चालू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत कॅरेटखाली गेले असते. हात गेला तर गेला. तोडा पंधरा दिवसांवर आलेला.

आमच्याकडं एक जुनी उघडी जीप होती. लष्करातून लिलावात निघालेली, तिच्यात कुणीतरी नंतर डिझेलचं इंजिन बसवलेलं. रिकामी असली की चढण चढायची. दहा कॅरेट टाकली की वळणापर्यंत यायची आणि तिथं उभी राहून खोकायची. वारूळवाडीला एक डिझेल पंपांचा मिस्त्री होता. त्यानं ह्यांना कधीतरी सांगितलं होतं की हिला टर्बो लावा, हिचा दम वाढंल. टर्बो हा शब्द मी तोवर फक्त ट्रकच्या पाठीवर बघितला होता, बुरी नजरवाल्याच्या शेजारी. पण दम वाढतो म्हटल्यावर मी ह्यांना सकाळीच वारूळवाडीला धाडलं आणि निक्षून सांगितलं, "मिस्त्रीला म्हणावं, गाडीनं घाट चढला पाहिजे. बाकी काही बोलू नका."

इथं चूक माझी. आमच्या चढणीला बाया चेष्टेनं घाट म्हणायच्या, तोच शब्द माझ्या तोंडात बसलेला. बाहेरगावचा माणूस असता तर त्याला माळशेज आठवला असता, फार तर धुण्याचा घाट. पण जुन्नर-आंबेगावातल्या बाप्याला घाट म्हणा, त्याला डोंगर दिसत नाही. त्याला बैलगाड्याच्या शर्यतीची चढती धाव दिसते. भंडारा, हलगी, लाउडस्पीकर आणि एकेका गाड्याच्या बारीचे, म्हणजे धावेचे, सेकंद मोजणारं घड्याळ. आमच्या ह्यांनी तरुणपणी बैल पळवलेले. मिस्त्रीचं तर विचारूच नका. त्याच्या गॅरेजात देवाचा फोटो आणि शेजारी त्याच्या बैलाचा फोटो, आणि दोन्हींत मोठा बैलाचा.

पुढचं मला नंतर कळलं. ह्यांनी घाट म्हटल्यावर मिस्त्रीनं अगदी सहज विचारलं, "किती सेकंदात, भाऊ?"

आणि हे, ज्यांना मी पुढं काही बोलू नका म्हणून सांगितलं होतं, ते क्षणाचा विचार न करता म्हणाले, "बारा."

मिस्त्रीकडं दोन जुने टर्बो होते. एक ट्रकचा, कोहळ्याएवढा. एक कुठल्याशा बारक्या गाडीचा, पेरूएवढा. बारा सेकंद म्हटल्यावर कोहळा बसला.

जीप घरी आली ती ऐटीत. पहिल्या हाताची, म्हणजे पहिल्याच तोडणीची, दहा-बारा कॅरेट निघाली होती, ती घातली. ह्यांनी गाडी चढणीला लावली. मी वर उभी. गाडी वळणापर्यंत आली आणि पहिल्यासारखीच खोकली, फक्त आता काळा धूर जास्त.

"हिला पळ लागतो," हे खालून ओरडले. "लांबनं घेतो."

मागं मागं घेत पार नदीच्या कडेला गेले आणि तिथून सुटले. वळणाच्या जरा अलीकडं तो कोहळा जागा झाला. अशी शिट्टी वाजली की बगळे उडाले, आणि गाडीला एकदम कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी ती उधळली. वळणावर जीप वळली. टोमॅटो सरळ गेले. वर पोचली तेव्हा गाडीत हे होते आणि दीड कॅरेट.

आमच्याकडं वीस वर्षं कामाला येणारी एक बाई होती, जिभेला हाड नसलेली. ती अंगावरचा टोमॅटोचा रस पुसत म्हणाली, "मालक, बारी लई भारी बसली. किती सेकंद?"

आणि ह्यांनी, देवाशपथ सांगते, हळहळून उत्तर दिलं, "घड्याळ बघायचं ऱ्हायलं."

त्या दिवशी खाली पडलेला माल वेचून बायांनी डोक्यावर वर आणला. मी पण कॅरेटला हात घातला होता, तर त्या बाईनं माझ्या हातातलं हिसकावून घेतलं. तेवढ्यानंसुद्धा बोटं बधिर झाली. मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीपमधे ह्यांच्या शेजारी बसून मीच वारूळवाडीला गेले. मिस्त्रीनं मला बसायला ऑइलचा डबा पालथा घातला.

"वहिनी, टर्बोत काय खोट न्हाई," तो म्हणाला. "तुमी नीट पळवली नसंल."

"मला पळवायचीच न्हाई. मला टमाटी वर न्यायचीत."

"मंग घाट?"

"घाट म्हंजी आमची चढण हो. नदीकडची."

मिस्त्रीनं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी बैलाच्या फोटोकडं बघितलं.

"मंग बारा सेकंद कशाचं सांगितलं, राव?"

"तू इचारलं म्हणून सांगितलं."

म्हटलं, आता तुम्ही दोघं गप्प बसा आणि मला हे यंत्र समजावून सांगा. मिस्त्री भला माणूस, गाडीतला कोहळा उतरवून, हात पुसून दोन्ही टर्बो माझ्यासमोर ठेवले. बाहेर पडणारा धूर आतलं चाक फिरवतो आणि ते चाक इंजिनात हवा कोंबतं, एवढीच त्याची करामत. मोठं चाक फिरायला धूर भरपूर लागतो, म्हणजे आधी गाडी पळायला हवी. फिरलं की मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. लहान चाक गाडी हळू असली तरी फिरतं, पण जोरात पळवायला गेलात की पुढं त्याचा दम पुरत नाही.

"म्हणजे फुंकणी," मी म्हटलं.

माझ्या चुलीपाशी दोन फुंकण्या होत्या. एक ह्यांनी विहिरीवरचा पाइप कापून दिलेली, मनगटाएवढी. तिच्यात फुंकून डोळे बाहेर यायची वेळ आली तरी निखारा ढिम्म, आणि मग एकदम सगळी राख उडून आमटीत. दुसरी बोटाएवढी, माहेरची. जरा फुंकलं की निखारा लाल.

"बारकी फुंकणी लावा," मी सांगितलं.

हे पुढं सरसावले. "अगं, पेरूएवढा टर्बो? लोकं काय म्हणतील?"

"लोकांना बॉनेट उघडून दाखवू नका."

"वहिनींचं बरोबर हाय, राव," मिस्त्री म्हणाला. "आन् डिझेल बी मापातच वाढवतो. इंजिन जुनं हाय, लई हवा कोंबली तर गॅसकेट उडंल."

"उडायचं तेवढं आमच्यात उडून झालंय," मी म्हटलं.

वर आणखी त्यानं एक बजावलं. चढण चढून आलं की गाडी लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची, टर्बो तेलानं जरा थंड होऊ द्यायचा. मला नवल वाटलं. एवढी वर्षं बाया डोक्यावर ओझं घेऊन ती चढण चढल्या, वर पोचल्यावर दोन मिनिटं दम खा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मोठ्या तोड्याच्या सकाळी पंधरा कॅरेट जीपमधे रचली, दोरीनं आवळली. मी ह्यांच्या शेजारी बसले. बाया वर जाऊन ओळीनं उभ्या राहिल्या, तमाशाला याव्यात तशा. ह्यांनी चारी चाकांचा गिअर टाकला आणि सवयीनं मान मागं वळवली, लांबून घ्यावी का म्हणून.

"इथनंच," मी म्हटलं.

"गाडी मी चालवतोय का तू?"

"चालवताय तुमी. मान माझी हाय."

त्यांनी मान पुढं वळवली. गाडी निघाली. गाभण म्हशीसारखी, घाई नाही, पण थांबतही नाही. कुकर शिट्टीच्या आधी करतो तसा बारीक आवाज बॉनेटखालून येत होता. वळणावर मागचं चाक मुरमात फिरलं, गाडी जराशी बसली. मी पदर कमरेला खोचूनच बसले होते. गाडी थांबली असती तर उतरून पहिलं कॅरेट मी उचललं असतं, आणि ह्यांना ते पक्कं माहीत होतं. म्हणूनच असेल, त्या माणसानं पाय दाबला नाही, काढलाही नाही. अंड्यावर ठेवावा तसा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू चालवत होते. चाकाला दगड लागला, बारक्या फुंकणीनं आत हवा दिली आणि गाडी वळली. टोमॅटोही वळले.

आम्ही वर पोचेपर्यंत त्या जिभेला हाड नसलेल्या बाईचं पान लावून, खाऊन, थुंकूनही झालं होतं. "मालक," ती म्हणाली, "या बारीला घड्याळ नको, कॅलेंडर लावा."

त्यानंतर त्या हंगामात एकही कॅरेट कुणाच्या डोक्यावर चढलं नाही. पुढं पुढं तर बाया स्वतःच कॅरेटांवर बसून वर यायला लागल्या आणि उतरताना गाडीला नावं ठेवायला लागल्या.

हंगाम सरता सरता नारायणगावच्या बाजारात चहाच्या टपरीवर कुणीतरी ह्यांना विचारलं, तुमची जीप आता भरून चढते म्हणे, काय केलं? ह्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "टर्बो निवडायचं बी डोकं लागतं, पावणं. लोकं मोठ्याच्या मागं लागत्यात. मी म्हटलं, बारकाच पाहिजे." आणि साक्षीला म्हणून माझ्याकडं बघितलं.

पट्टा सुटून पंधरा दिवस झाले होते. मी मान डोलावली.