बाबांचा सकाळचा शब्द

रायपूरला कायमचं निघालो त्या दिवशी वर्ध्याच्या फलाटावर मी घाईघाईत वाकलो आणि एका परक्याच माणसाच्या पाया पडलो. बाबा दोन पावलं मागे, माझीच वळकटी सांभाळत उभे होते. त्या गृहस्थांनी आशीर्वाद देऊनही टाकला. बाबा म्हणाले, "असू दे, कामीच पडन." गाडी हलली तसे ते खिडकीशी आले आणि निरोपाचं काही न बोलता एवढंच म्हणाले, "सेनाइट. अर्थ पाहून ठेव."

सेनाइट म्हणजे आठवडा. इंग्रजांनी स्वतःच कधीचा टाकून दिलेला शब्द.

ताई, तू पुण्यात असलीस तरी तुला आठवत असेल. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. रद्दीत निघालेली जाडजूड डिक्शनरी त्यांनी घरी आणली आणि तिच्यातले असले मेलेले शब्द आपल्याला रोज सकाळी खाऊसारखे वाटले. आई असेपर्यंत "चहा तरी पिऊ द्या पोट्ट्यांले" म्हणून ओरडायची.

रायपुरात मी आता मुरलो. चौबे कॉलोनीत ज्योती, मी आणि आमची पोट्टी असं भाड्याचं घर, नव्या राजधानीत ऑफिस. होकार द्यायला तोंडातून आपोआप छत्तीसगडी 'हव' निघतं, आणि पोट्टीला मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर देते. पण सकाळी सातला बाबांचा फोन येतोच. एक शब्द. मी ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर अर्थ शोधायचो, त्याचा फोटो त्यांना पाठवायचो की झालं काम.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी विचारलं, "ग्रोक म्हणजे काय?" कोणी जेवत असताना आपल्यालाही घासभर देईल या आशेनं त्याच्याकडे मुकाट पाहत राहणं. पाठवला फोटो. दुसऱ्या सकाळी फोन आला, "ग्रोक म्हणजे काय रे?" मी हसलो. पुन्हा तोच फोटो. तिसऱ्या सकाळी मी आंघोळीला होतो. पोट्टी दारातून ओरडली, "पापा, दादू फिर वही पूछ रहे थे!" अंगावर गरम पाणी घेत होतो, तरी काटा आला.

कारण धनराजकाकांचंही असंच सुरू झालं होतं. बाबांच्याच ऑफिसातले, आपल्याच गल्लीतले. आधी एकच प्रश्न फिरून फिरून. मग एक दिवस, निवृत्तीला कैक वर्षं झालेली असताना, ते डबा घेऊन पार्सल ऑफिसच्या पायरीवर बसलेले सापडले. न्यायला गेलेल्या स्वतःच्या मुलालाच त्यांनी विचारलं, "साहेब, नवीन आले का?"

चौथ्या दिवशीही ग्रोक. पाचव्या दिवशीही. सात वाजायला आले की मी फोनकडे पाहत बसे. वाटे, आज फोन येऊच नये. आणि लगेच त्या इच्छेचीच भीती वाटे. एकट्या घरात गॅस चालू राहिला तर? उद्या मलाच 'साहेब' म्हणाले तर? सराफांच्या सदर बाजारात स्कूटर थांबवून मी बाबांसाठी गळ्यात घालायचं, नाव-पत्ता कोरलेलं पदक करून मिळेल का, हेही विचारून आलो. ज्योतीला म्हटलं, "मी जाऊन त्यांना घेऊन येतो. डॉक्टरला दाखवू." ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "जा. दोन दिवस राहा."

वर्ध्याला बाबांनीच दार उघडलं. मी चपला न काढताच विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"शुक्रवार. काहून, सुट्टी नाही का तुले?"

चहा त्यांनीच केला. गॅस बंद केला, आणि बंद झाला का ते वाकून पाहिलं. शेवटी माझा धीर सुटला. "बाबा, तुम्ही पाच दिवस एकच शब्द विचारून राहिले."

"मंग? तू वाक्य कुठी देल्लं?"

मला एकदम आठवलं. ताई, आपल्या घरचा नेम! नुसता अर्थ चालत नसे. त्या शब्दाचं वाक्य करायचं, तेही त्या दिवशी घरात खरंच घडलेल्या गोष्टीचं. वाक्य नाही, तोवर नवा शब्द नाही. रायपुरात गेल्यावर वर्षभर मी इमानानं वाक्यं दिली. मग ती अधूनमधून झाली, आणि पुढे मला नेमही आठवेना. बाबांनी इतकी वर्षं सोडून दिलं होतं. या वेळी अडून बसले.

"तुह्या त्या फोटोत सारं इंग्रजी येते," बाबा बशीत चहा ओतत म्हणाले, "तुह्या घरचं कायबी येत नाही."

दोन दिवस राहिलो. गाव तेच, पण मी तिथं पाहुणाच; आणि रायपूरच्या घरात काय चाललंय हे सांगायला बसलो तर मला तीन वाक्यांपुढे जाता येईना. घर म्हणजे काय, हे मला आता एवढंच कळतं: जिथलं आज काय घडलं हे आपल्याला सांगता येतं, ते. त्या हिशोबानं मी बरीच वर्षं दोन्हीकडे बेघर होतो. भीती काही गेली नाही. बाबांचं वय आहेच. फक्त विसरण्याच्या बाबतीत आता मी त्यांच्यापेक्षा स्वतःवर जास्त नजर ठेवतो.

परत येऊन हे सगळं ज्योतीला सांगितलं. ती हसायला लागली. "मला माहीत होतं. बाबांनी मलाच फोन करून विचारलं होतं, पोट्ट्याले विसरायचा आजार त नाही लागला न?"

"मग मी निघायच्या आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर गेले असते का?"