आतून कडी लावलेलं दार

"उठ वं. ती खुर्ची फौजीच्या बायकोची हाय."

पाटील असं म्हणाले तेव्हा मी पायावर पाय टाकून बसले होते. सव्वीस जानेवारी. शाळेचं मैदान. पुढची रांग. अंगावर हिरवी नायलॉनची साडी आणि मनगटात नवऱ्याचं पलटणीतलं घड्याळ. ते बंद होतं आणि मला घड्याळ कळतही नव्हतं. तरी दर दोन मिनिटांनी मी त्यात बघत होते. तेवीस वर्षांची होते. डोक्याला तेल भरपूर, आत बाकी सगळं कोरडं.

"मी फौजीचीच बायको हाय," मी म्हटलं.

"होती," पाटील म्हणाले. माईक चालू होता. "तुह्या नवऱ्याले हाकललं. लढाईत हुकूम मोडला त्यानं. बंदूक खाली ठेवली. तुही जागा तिकडं."

बोट मैदानाच्या कडेला होतं. तिथं आमच्या वस्तीतल्या बाया मातीत बसायच्या.

मी उठले. पदर खुर्चीच्या खिळ्यात अडकला. ओढला, तो फाटला. कोणीतरी हसलं. मग पोरांची लेझीम सुरू झाली.

त्या खुर्चीचं सांगते, नाहीतर कळायचं नाही. आमची वस्ती बौद्धांची. डोणगावपासून पायी तासाभरावर गाव. माझ्या सासूनं सगळा जन्म त्याच कडेला मातीत बसून झेंडा पाहिला. तिचा मुलगा पलटणीत गेला तेव्हा पाटलांनी पहिल्यांदा आमच्या घरातल्या बाईला खुर्ची दिली. गावात आमच्या माणसाला खुर्ची मिळायची ती वर्दीमुळेच, दुसरी वाट नव्हती. सासू तोवर गेली होती. मी आयती बसले. आणि मला वाटायचं, खुर्ची माझ्या रूपाला मिळाली.

नवरा चार दिवसांपूर्वीच घरी आला होता. कैद भोगून. समुद्रापल्याडच्या मुलखात त्यांची पलटण गेली होती. तिथली माणसं कोण, आपली माणसं तिथं कशाला, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पत्रात मी विचारायची ते हे, की तिकडून येताना टेपरेकॉर्डर आणाल का. आल्यावर ते एवढंच बोलले होते, "काढलं मले." पण पाटलांचा भाचा त्याच पलटणीत होता. त्याच्या पत्रातून गावाला माझ्याआधी सगळं कळलं होतं.

मी मैदानातून घरी आले. हे दारापाशी उकिडवे बसून दाराची कडी काढत होते. आतली कडी. चांगली, नवी कडी. एकेक खिळा उपटून बाजूला ठेवत होते. का काढता, हेही मी विचारलं नाही. हातातला चुडा उतरवला, साबण न लावता, कातडी सोलली तरी. त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवला.

"घ्या. भरा हातात. तुमाले शोभतीन."

आमच्याकडे भित्र्या माणसाला बांगड्यांचा आहेर करतात. शत्रू करतात, भावकी करते. मी बायको असून केला. मला फार धाडसी वाटलं होतं स्वतःला. मनात तर हेही आलं की शेजारणीनं पाहायला पाहिजे होतं.

त्यांनी एक बांगडी उचलली. खरंच घालून पाहिली. बोटांच्या सांध्यावर अडली.

"येत नाही वं," ते म्हणाले. "मोठं माप आण."

ते हसत नव्हते. मग माझा हात धरून, सोललेलं पाहून म्हणाले, "पाणी लाव त्याले." आणि तसाच हात धरून त्यांनी सांगितलं. त्यानंतर पुन्हा कधी नाही. पण एकदा सांगितलं ते माझ्यात राहिलं. आज चाळीस वर्षं होत आली, ते निघत नाही.

एका गावात शिरले होते. झोपड्या. सगळी दारं बंद. एका दारापाशी हे पोचले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. मागून हुकूम आला, मार. यांनी दारातूनच गोळ्या मारल्या. मग दार तोडलं. आत एक म्हातारी होती. तिचा हात एका लेकराच्या तोंडावर होता. त्यानं खोकू नये म्हणून धरलेला.

"म्हातारी मेली," ते म्हणाले. "हात तसाच होता."

"आन् लेकरू?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. मेले तोपर्यंत दिलं नाही.

आठ दिवसांनी दुसरं गाव. दुसरं दार. पुन्हा आतून कडीचा आवाज, आणि दारामागून कोणीतरी दाबून टाकलेला खोकला. पुन्हा हुकूम. यांनी बंदूक जमिनीवर ठेवली. साहेबांनी तीनदा सांगितलं. हे तीनदा एकच बोलले, "मले जमत नाही." साहेबांनी बडवलं. मग कोर्ट, मग कैद, मग हाकललं.

"मंग त्या दाराचं काय झालं?" मी विचारलं.

"मले तिथून ओढत नेलं. मागं आवाज झाला."

म्हणजे वाचलं कोणीच नाही. मी तरी तसंच समजते. मला तेव्हा राग आला होता, की मग उपयोग काय झाला तुमच्या बंदूक ठेवण्याचा. तसं बोललेसुद्धा. ते म्हणाले, "उपयोगासाठी नाही ठेवली."

मला हे कळलं नाही. कळलं ते पुढच्या पौर्णिमेला, विहारात. पंचशील म्हणायला सगळे उभे राहिलो. मी पंचशील घडाघडा म्हणायची. सगळ्यांच्या आधी संपवायची आणि इकडेतिकडे बघायची, कोणाचं राहिलं. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. शेजारी हे गप्प. ओठही हलले नाहीत. मी कोपर मारलं.

"म्हणा न. लोक पाहून राह्यले."

"बाकीचे चार म्हणतो. पयलं मले खोटं पडते."

आणि त्यांनी बाकीची चार म्हटली. सावकाश, एकेक शब्द.

तेव्हा मला कळलं. लहानपणापासून मी जे पोपटासारखं बोलत होते, ते या एका माणसानं ऐकलं होतं. उशिरा ऐकलं, एक म्हातारी मेल्यावर ऐकलं, पण ऐकलं. आणि ऐकलं म्हणून माझी खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली म्हणून मी त्यांच्यापुढे बांगड्या ठेवल्या. वस्तीतल्या मोठ्या माणसांनीही त्यांना जवळ केलं नाही. "एक वर्दी होती वस्तीत, तेही घालवली," असं त्यांच्या तोंडावर बोलले.

पुढे हे गवंडीकाम करत राहिले. दुसऱ्यांची घरं बांधली, दारं बसवली, फक्त कडी दुसऱ्याकडून ठोकून घ्यायचे. आमच्या घराला कडी कधीच नव्हती. संडासालाही नव्हती. आत बसणाऱ्यानं गाणं म्हणायचं, असा नियम. माझा गळा त्यामुळेच सुधारला. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. मुलानं नवीन घर बांधलं, लोखंडी दार, भारी कडी. ती आतून लागली की माझ्या हातातलं काम थांबतं. मी ते गाव पाहिलं नाही. ती म्हातारी पाहिली नाही. पण आता मी तिच्याच वयाची आहे, आणि नातू खोकला की माझा हात आपोआप त्याच्या तोंडाकडे जातो. मग मी तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवते.

मागच्या महिन्यात सरपंच आला. त्या पाटलांचा नातू. मोठ्या गाडीतून, पण चप्पल दाराबाहेर काढून. गोड पोरगा.

"जय भीम, आजी. वेशीवर कमान करून राह्यलो. गावातल्या सगळ्या फौजींचे नावं टाकतो. आबाचंबी टाकतो."

मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"फक्त 'माजी सैनिक' लिवतो. ते कोर्टाचं बिर्टाचं काऊन काढा? कोणाले ठाव हाय आता? तुमी फक्त बोलू नका कुठं."

खोटं सांगत नाही. जीव हरखला. या वयातही आतली ती नायलॉनची साडी उठून उभी राहिली. मुलगा तर माझ्या पायाशीच बसला. त्याचं अर्धं आयुष्य "पळपुट्याचा पोरगा" ऐकण्यात गेलं.

"माय, टाकू दे न," तो म्हणाला. "मले शाळेत काय म्हनत तुले माहीत हाय. आता तरी संपू दे."

मला माहीत होतं. त्याच्या कपाळावर दगडाचा वण आहे, ती जखम मीच हळद भरून बुजवली होती.

मी सरपंचाला म्हटलं, "लिव. पण पुरं लिव. ह्या मानसानं एका दारातून गोळी मारली. दुसऱ्या दाराले मारली नाही. हुकूम असून मारली नाही."

"आजी, असं कमानीवर कोनी लिवते काय?"

"मंग नको लिवू."

"गावाची इज्जत..."

"तुह्या आज्यानं मले माईकवर उठवलं होतं, बाप्पा. तू हळूच बसवून राह्यला. दोघायची शर्त एकच हाय. नवऱ्याचं खरं खाली ठेवूनच मी खुर्चीत बसाव."

तो चप्पल घालून गेला. मुलगा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट पुढे सरकवतो आणि निघून जातो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या वाट्याचे दगड त्यानं खाल्ले, आणि निर्णय मी घेतला.

कमान झाली आहे. यांचं नाव नाही. रोज सकाळी भरतीची तयारी करणारी पोरं तिच्याखालून पळत जातात. आमच्या वस्तीतली आणि पाटलांच्या आळीतलीही. परतताना आमच्या ओट्यावर दम खातात, पाणी मागतात. मी पाणी देते आणि सांगते. जाऊ नका म्हणत नाही, तो हक्क माझा नाही. एवढंच सांगते की हुकूम आल्यावर नाही म्हणणारा एक माणूस या गावातून गेला होता. पहिल्या दाराचंही सांगते. काही पोरं हसतात. एक जण उठून गेला तो परत आला नाही. सरपंचाचा निरोप आला, की म्हातारीला आवरा.

मी आवरणार नाही. जीभ चालते तोवर दोन्ही दारं सांगणार, एकही गाळणार नाही.