हातानं लिहिलेला जागतिक क्रीडाकोश

फुकटच्या कामाचं एक असतं. पगार मिळत नाही, पण किस्से भरपूर मिळतात. मी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून नोकरी केली, बैलांच्या खुरांना पट्ट्या बांधल्या, त्यातले सांगण्यासारखे किस्से दोन-तीनच. पण संध्याकाळी वाचनालयात जाऊन जे काम केलं, त्यातले सांगायला बसलो तर चहा तीनदा गार होतो.

आमचं गाव सेलू तालुक्यात, वालूरच्या पुढं. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत वाचनालय होतं आणि त्यात एक जाडजूड रजिस्टर होतं. वर लिहिलं होतं, ‘जागतिक क्रीडाकोश’. देवराव गुरुजींनी ते सुरू केलं. गुरुजी जुन्या निजामी शाळेत उर्दूतून शिकलेले. त्यांच्या शाळेतली पोरं विचारायची की हॉकीत कोण जिंकलं, ऑलिम्पिक कुठं आहे, आणि गावात उत्तर देणारं पुस्तकच नव्हतं. गुरुजी म्हणाले, नसेल तर आपण लिहू.

नियम सोपे होते. कुणीही लिहावं आणि कुणीही दुसऱ्याची चूक दुरुस्त करावी. मात्र खोडताना लाल रेघ एकच मारायची, म्हणजे खालचं वाचता येईल. समासात कारण लिहायचं आणि सही करायची. बातमी दोन ठिकाणांहून खरी ठरल्याशिवाय शाईनं लिहायची नाही. याला गुरुजी ‘तस्दीक’ म्हणायचे.

लिहिणारे आम्ही चारच. गुरुजी, सायकल दुकानवाले खलीलभाई, दुकानांच्या पाट्या रंगवणारा लक्ष्मण पेंटर आणि मी.

*

पहिल्याच वर्षी घोळ झाला. गुरुजींनी कुठल्या देशाची किती पदकं याचा तक्ता केला, तर त्यात चेकोस्लोव्हाकिया होता, झेकोस्लोव्हाकिया होता आणि झेकोस्लाव्हिया पण होता. प्रत्येक पेपरची आपली आपली पद्धत, आणि आम्ही जसं दिसलं तसं उतरवलेलं. एका देशाची पदकं तीन देशांत वाटली गेली होती.

मग गुरुजींनी प्रत्येक देशाचं एकच नाव ठरवलं आणि ती यादी लक्ष्मणकडून मोठ्या पाटीवर रंगवून घेतली. वाचनालयात येणारे पाहुणे ती पाटी बघून बुचकळ्यात पडायचे. एकानं तर मला हळूच विचारलं, “या गावांना इथून एसटी जाती का?”

*

आता एक किस्सा सांगतो. हा हसण्याचा नाही, पण याच्याशिवाय बाकीचे कळायचे नाहीत.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. आमच्या गावात जीव गेला नाही, पण बौद्धवाड्यातली चार घरं जळाली. त्यातलं एक लक्ष्मणचं. तो बायकोला, कौसाबाईला घेऊन परभणीला बहिणीकडं निघून गेला. त्यानंतर गावातलं कुणी वाड्याकडं फिरकेना आणि वाड्यातलं कुणी चावडीच्या पुढं येईना. सरपंच भाऊराव त्या दिवशी सेलूला गेले होते, असं ते सांगायचे.

आमचं रजिस्टर त्या वेळी लक्ष्मणच्या घरी होतं. त्याचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून पक्की प्रत तोच करायचा. खलीलभाई म्हणाले, गेलं ते गेलं, पुन्हा लिहू. महिनाभरानं गुरुजी एसटीत बसले आणि परभणीला गेले. मी सोबत होतो. स्टेशनाजवळच्या वस्तीत दोन दिवस विचारत फिरलो, तेव्हा लक्ष्मणचा पत्ता लागला.

त्यानं खताच्या पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर बाहेर आणलं. गुरुजींनी उघडलं, तर नव्या नोंदी होत्या. आमच्याकडं घरं जळत होती त्याच दिवसांत कॅनडात राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या होत्या. लक्ष्मण रोज स्टेशनवरच्या स्टॉलवर उभा राहून पेपर वाचायचा आणि घरी येऊन उतरवायचा. दोन पेपर वाचायचा. समासात दोन्हींची नावं होती.

गुरुजींनी विचारलं, की घर जळताना भांडी सोडून हे का उचललंस.

लक्ष्मण म्हणाला, “भांडी माही होती, गुरुजी. वही समद्यांची हाय.”

गुरुजी म्हणाले, “त्या दिवशी मी दाराला कडी लावून आत बसलो होतो, लक्ष्मण.”

लक्ष्मणनं ऐकलं. त्यानं रजिस्टर स्वतःकडं ओढलं आणि म्हणाला, “पोहण्याच्या पानावर तुमी मिनटं आन सेकंदं उलटी लिवलीत. मी तशीच ठिवली. तुमच्यासमोर खोडायची होती.”

दिवाळीच्या आधी तो गावात परत आला. रजिस्टरच्या कपाटाची किल्ली तेव्हापासून लक्ष्मणकडं राहिली. चार लोक कुरकुरले. गुरुजींनी त्यांना सांगितलं, की दुसरं कपाट आणा, त्याची किल्ली तुमच्याकडं ठेवा.

*

मॉस्कोला आपण हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं, ते खलीलभाईंनी दुकानातल्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पेढ्यांचा पुडा घेऊन वाचनालयात हजर. गुरुजींनी पेढा खाल्ला, पण पेन उघडलं नाही. दुसरी साक्ष पाहिजे.

खलीलभाई म्हणाले, मराठी बातम्यांत ऐकलं आणि उर्दू बातम्यांत पण ऐकलं, झाल्या की दोन. गुरुजी म्हणाले, “एकाच तोंडानं दोन भाषांत सांगितलं, तरी साक्षीदार एकच असतो.”

नेमका दुधनेला पूर आला. सेलूची गाडी बंद, पेपर बंद. सगळ्या देशाचे फटाके उडवून झाले तरी आमच्या कोशात हॉकीच्या सुवर्णपदकाची जागा रिकामीच. रस्त्यानं जाता-येता लोक खलीलभाईंना विचारायचे, “काय खलीलभाई, जिंकलो का न्हाई अजून?” ते बिचारे मान खाली घालून पंक्चर काढायचे.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. गुरुजींनी पेपर उघडला, स्कोअर वाचला, रेडिओवर ऐकून कच्च्या वहीत टिपलेल्या आकड्यांशी ताडून पाहिला आणि शाईनं लिहिलं. मान वर करतात तर समोर खलीलभाई दुसरा पुडा घेऊन उभे.

“गुरुजी, वो पेढे खबर के थे. ये तस्दीक के हैं.”

*

सरपंचांचे जावई विलासराव व्हॉलीबॉल खेळायचे. उंच, देखणा माणूस, शेती बघायला सासुरवाडीतच राहिलेला. एक दिवस कोशात त्यांच्याच अक्षरात नोंद दिसली, ‘विलासराव, आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलपटू’. खाली देश, जिल्हा, उंची सगळं.

आम्ही चौघांनी एकमेकांकडं बघितलं. वाचनालयाची खोली ग्रामपंचायतीची, म्हणजे सरपंचांची. त्यांचा निरोप पण आला होता, की जावयाचं नाव आलंय ते बरं झालं, या खोलीला नवे पत्रे टाकायचा विचार चाललाय. न खोडलं तर कोश खोटा आणि खोडलं तर कोश रस्त्यावर.

खलीलभाई म्हणाले, एका नावानं काय बिघडतं. लक्ष्मण म्हणाला, आज हे एक राहिलं तर उद्या कुणाचंच खरं वाटणार नाही.

गुरुजींनी स्वतः खोडलं नाही. त्यांनी विलासरावांना बोलावलं, सन्मानानं बसवलं आणि म्हणाले की तुमची नोंद अपुरी आहे. कुठल्या देशाविरुद्ध, कुठल्या गावी, किती सेट, आणि सर्टिफिकेट असेल तर क्रमांक. नोंद करायची तर पूर्ण करू, तुमच्या मानाला शोभेल अशी.

विलासराव सर्टिफिकेट आणतो म्हणून गेले ते आठवडाभर आलेच नाहीत. आम्ही रोज पत्र्यांकडं बघायचो. आठव्या दिवशी ते आले, लाल पेन मागितलं, आपल्याच नावावर एक रेघ मारली आणि खाली सही केली. मग निघून गेले.

आम्ही चौघं समास वाचायला वाकलो. कारणाच्या जागी लिहिलं होतं, ‘हैदराबादच्या सामन्यात नेपाळचा संघ होता हे खरं. मी राखीव होतो. बसूनच होतो.’

नवे पत्रे तरीही आले. आणि पुढच्या आठवड्यात विलासराव परत आले ते आमच्यातला पाचवा माणूस म्हणून. व्हॉलीबॉलची पानं त्यांच्यासारखी कुणी ठेवली नाहीत. कुणी स्वतःचं नाव लिहायला आलं, तर तेच त्याला कोपऱ्यात घेऊन समजवायचे.

*

दोन्ही जर्मनी एक झाल्या तेव्हा विलासराव उत्साहानं लाल पेन घेऊन बसले. चार पानांवरचं ‘पश्चिम’ आणि ‘पूर्व’ त्यांनी खोडून टाकलं. आता देशच एक झाला, मग नाव एकच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनाही ते पटत होतं. सगळीकडं एकच नाव, हा त्यांचाच नियम.

लक्ष्मण सहसा वाद घालायचा नाही. त्या दिवशी घातला. नामांतराच्या मोर्च्यांमध्ये तो बारा वर्षं चालत आला होता, नावाची किंमत त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होती.

“ज्या दिवशी पोरगं धावलं त्या दिवशी त्याच्या छातीवर जे नाव होतं ते राहू द्या,” तो म्हणाला. “नवं नाव आजपासून लिवा. जुनं खोडायचं न्हाई, आन नवं लिवायला भ्यायचं न्हाई.”

तोच नियम झाला. विलासरावांनी आपल्या चार पानांवर परत ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ लिहिलं. तीन वर्षांनी खुद्द चेकोस्लोव्हाकियाचेच दोन देश झाले, तेव्हा भिंतीवरच्या पाटीखाली आणखी दोन ओळी रंगवायची वेळ आली. लक्ष्मण म्हणाला, “आधी सांगितलं असतं तर खाली जागा सोडली असती.”

पुढं चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामांतराचा निर्णय रेडिओवर आला. आमच्या कोशात जिल्ह्यातल्या खेळाडूंची पानं होती आणि कोण कुठल्या विद्यापीठाकडून खेळला ते त्यात असायचं. त्या दिवसापासून नवं नाव लिहायचं ठरलं. पहिल्यांदा ते गुरुजींनी लिहिलं, स्वतःच्या हातानं. पंचाहत्तरी ओलांडली होती. लक्ष्मणनं रजिस्टर दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवलं.

*

आता शेवटचा. हा त्याच्या दोन वर्षं आधीचा.

गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं औरंगाबादहून विलायतेत छापलेला एक इंग्रजी क्रीडाकोश पाठवला होता. उशाला घेता येईल एवढा जाड. लक्ष्मणला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पाट्या रंगवून रंगवून अक्षरं ओळखीची होती. तो संध्याकाळी नुसती पानं चाळायचा. एक दिवस मला म्हणाला, की हंगेरीचा हा तलवारबाज दोनदा छापलाय. मी बघितलं. दोन पानांवर दोन वेगळी नावं, दोन वेगळी माणसं.

“नाव उलटं हाय,” लक्ष्मण म्हणाला. “हिथं आडनाव आधी, तिथं नंतर. अक्षरं तीच. पाटी उलटी टांगली म्हून दुकानं दोन होत न्हाईत.”

आमच्या दवाखान्याचे डॉक्टर इंग्रजी चांगलं लिहायचे. त्यांनी पडताळून पाहिलं. जन्मसाल एकच, पदकांची वर्षं तीच. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं, खाली लक्ष्मण पेंटरनं सही केली आणि उत्तर यावं म्हणून पत्ता दवाखान्याचा दिला. आम्ही विसरून गेलो.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. पाकिटावर ‘डॉ. एल. पेंटर’. दवाखान्याचा पत्ता बघून त्यांना तो डॉक्टरच वाटला असावा. पोस्टमननं ते पाकीट गावभर दाखवत दाखवत माझ्याकडं आणलं, त्यामुळं फोडायच्या आतच दवाखान्यासमोर गर्दी जमली.

गुरुजी गुडघ्यांनी अधू झाले होते, तरी काठी टेकत आले. ते म्हणाले, पत्र ज्याचं आहे त्याच्या घरी वाचायचं. आम्ही निघालो. गुरुजी, खलीलभाई, डॉक्टर, विलासराव आणि मी. चावडी ओलांडताना बघतो तर मागून सरपंच भाऊराव चालत येत होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

लक्ष्मण दारात एक पाटी रंगवत होता. आम्हाला बघून उभा राहिला. घाईनं बाज टाकली. डॉक्टरांनी पत्र उघडून मराठीत सांगितलं. आपण दाखवलेली चूक बरोबर आहे, दोघं एकच आहेत, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, आपले आभारी आहोत.

लक्ष्मणनं एकच प्रश्न विचारला, “कोन्तं नाव ठिवणार हायेत? त्याच्या मुलखात म्हंत्यात ते का दुसरं?”

डॉक्टरांनी परत वाचून सांगितलं, त्याच्या मुलखातलं. लक्ष्मणनं मान हलवली आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला.

तेवढ्यात कौसाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. गुरुजींनी घेतला, खलीलभाईंनी घेतला, डॉक्टरांनी, विलासरावांनी, मी. शेवटचा कप राहिला तशा त्या सरपंचांसमोर येऊन थांबल्या. ताट हातात, नजर ताटात. सगळे आपापल्या कपाकडं बघायला लागले. वाड्यातली बायामाणसं दारादारांत उभी होती.

भाऊरावांनी कप उचलला. चहा बशीत ओतला. सावकाश, आवाज करत सगळा प्यायला. कप बशीत ठेवला, टोपी सारखी केली आणि म्हणाले,

“कौसाबाई, साखर जरा कमी पडली. पुढल्या बारीला ध्यान ठिवा.”