हुसेनसागरच्या बोटीला आईच्या साड्या

मंडळी, चक्रीवादळ तिकडे किनाऱ्यावर, पण आज आमच्या हुसेनसागर तलावालाही जोराच्या वाऱ्याचा इशारा होता. तिथे आम्हा मित्रांची छोटी शिडाची बोट बांधलेली असते.

शीड उतरवलं, दोर दुहेरी केले. पण बोटीच्या कडेला घासून दोर तुटतात, म्हणून त्यांना गुंडाळायला कापड हवं होतं. घरी फोन करून जुनी चादर मागितली.

पाण्याला भिणारी आई अंबरपेठहून ऑटोने स्वतःच आली. बोचक्यात तिच्या मऊ सुती साड्या होत्या, ताईच्या होणाऱ्या बाळाच्या दुपट्यांसाठी राखलेल्या.

मी नको म्हणालो.

"बाळाला यायला टाइम आहे रे. वारा आजच यायलाय."

आता घराच्या खिडक्या वाजायल्यात, पण बोटीची काळजी वाटत नाही. तुमच्यासाठी कुणी असं राखलेलं बोचकं सोडलंय का?