पिवळ्या पिल्लांचा क्रेट

बायको पोटुशी असताना नवऱ्यानं कोंबडी कापायची नाही, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पाहुणे दारात उभे असले तरी शेजाऱ्याला हाक मारतात. मीही मारायचो. घरी सुरीला हात लावत नव्हतो आणि रोज सकाळी खालापूरच्या पुढं हॅचरीत जाऊन पिवळ्या पिल्लांचे क्रेट रिकामे करत होतो. आता बोला!

आमच्या हॅचरीत अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांची पिल्लं निघतात. त्या जातीत मादी तांबूस, नर पिवळा. तांबड्या पिल्लाला लस टोचायची, खोक्यात भरायचं, टेंपोत चढवायचं. पिवळं अंडी देणार नाही आणि मटणालाही भरणार नाही, म्हणून ते जन्मल्या दिवशीच चिरडायच्या मशीनमध्ये जायचं. त्या मशीनपर्यंत क्रेट न्यायचं काम माझं. बोटांना चोच घासत ती पिल्लं चिवचिवायची, अन् मी दुसरीकडं बघायचो.

एके दिवशी बायकोनं माझ्या शर्टावरची पिवळी लव उचलून विचारलं, ही सगळी जातात कुठं? खोटं मला जमत नाही, सांगून टाकलं. वर शहाणपणाही केला. म्हटलं, बटण दुसरा दाबतो, मी फक्त क्रेट सरकवतो.

ती म्हणाली, "कोंबडीचे पाय धरणारा निराळा नि सुरी फिरवणारा निराळा, असं हाय का?"

पहिल्या खेपेचं बाळ आमचं पोटातच गेलं होतं. त्यामुळं ती कशाला घाबरते आहे, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी ती लोधिवलीचं आमचं घर सोडून माथेरानच्या पायथ्याला माहेरच्या वाडीवर गेली. सासूनं फोनवर कळवलं, ते काम सुटेपर्यंत लेक इथंच राहील. मी भडकलो. नोकरी काय झाडाला लागते? ऐन बाळंतपणाच्या तोंडावर हातातली सोडायची आणि मग काय, माथेरानला हातरिक्षा ओढायची? फोन आपटला. मग रिकाम्या घरात बसून रडलो, तेही सांगतो.

सोनोग्राफीला मात्र मी जायचोच. कर्जतच्या दवाखान्यात ती भिंतीवरच्या पाटीखाली बसायची. इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही, अशी ती पाटी. दर वेळी वाचायचो. आत ठोके नीट आहेत म्हणाले की आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसायचो. मग ती वाडीची गाडी धरायची.

अशात हॅचरीत एक नवं यंत्र चाचणीसाठी आलं. अंडं उबवणीत निम्म्याच्या थोडं पुढं गेलं की हे त्याच्यावर प्रकाश टाकतं आणि आतल्या पिसांचा रंग कवचातूनच ओळखतं. नराची अंडी तिथंच बाजूला काढायची. पुढं फक्त माद्यांची उबवायची. यंत्रावर ट्रे लावायला कुणीतरी हवं होतं. मी मॅनेजरच्या मागं हात धुऊन लागलो. शेवटी वैतागून त्यानं मला तिथं लावलं.

तपासलेल्या अंड्यांची पहिली पिल्लं निघाली त्या सकाळी मी उबवणीच्या कपाटाचं दार उघडलं. ट्रेमागून ट्रे ओढले. तांबडी, तांबडी, सगळी तांबडी! चुकून एवढी-तेवढी पिवळी सुटली होती. ती मी मागून घेतली, बुटाच्या खोक्यात ठेवली आणि गाडी काढली ती थेट वाडीवर.

सासूनं पिल्लं उचलली आणि खुडूक कोंबडीखाली सरकवली. बायको ओट्यावर बसली होती. तिला मी सगळं सांगितलं. नराची अंडी बाजूला काढतात, ती पुढं उबवत नाहीत, हेही सांगितलं. ते झाकून ठेवलं असतं तर तिनं पुन्हा शर्टावरून ओळखलं असतं.

तिनं विचारलं, "आतल्याला दुखतं?"

"यंत्राच्या इंजिनियरला दोनदा विचारलं. तो म्हणतो, तवर दुखणं कळत नाय. त्याच्यावर भरवसा ठेवलाय."

"आणि तुमाला? तुमाला काय वाटतं, ते अंडं बाजूला काढताना?"

वाटत नाही, असं म्हणालो असतो तर सोपं झालं असतं. "वाटतं," मी म्हटलं. "पूर्वीएवढं नाय. पण वाटतं."

ती उठली, आत गेली. गेलं सगळं, असं मला वाटलं. ती आली ती कपड्यांची पिशवी घेऊनच. पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "वाटत नाय म्हणला असतात, तर मी आले नसते."